मागच्या रांगेतली जागा

आमच्या बाईंना पोरी मागून टाचबाई म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. सकाळच्या पहिल्या वर्गापासून संध्याकाळच्या शेवटच्या वर्गापर्यंत बाईंच्या तोंडी एकच जप: टाच! टाच खाली! टाच पुढे काढ! मी त्या वर्गात पियानो वाजवते. बॅले शिकवायचा तर पियानो लागतो आणि पियानोला माणूस लागतं, यातलं दुसरं बाईंना बहुतेक पटलेलं नव्हतं, कारण मला त्या कायम 'पियानो' म्हणूनच हाक मारायच्या. "पियानो, हळू! पियानो, पुन्हा!" पहिल्या आठवड्यात माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाई, मला नाव आहे." त्या म्हणाल्या, "असू दे. वाजव."

हा उद्धटपणा नव्हे हे कळायला मला बरेच दिवस लागले. बाई परदेशातून आलेल्या. तरुणपणी तिकडच्या एका मोठ्या थिएटरात नाचायच्या, मग इथल्या बॅले कंपनीत थोडी वर्षं नाचल्या आणि नंतर आमच्या शाळेत शिकवायला लागल्या. आमची भाषा त्या शिकल्या ती पोरींवर ओरडता ओरडता, त्यामुळे हुकूम तेवढे अस्खलित. बाकी सगळी बोंब. दुकानात गेल्या की "दूध दे! नीट दे!" बँकेतल्या माणसाला "मान वर!" आमच्या शाळेच्या संचालकांना सगळे साहेब म्हणतात, त्यांनाही एकदा भर मीटिंगमध्ये "पोट आत!" म्हणाल्या. साहेबांनी घेतलं बिचाऱ्यांनी. 'कशी आहेस', 'बरं वाटत नाही', 'जरा थांबतेस का' असलं मात्र बाईंना बोलता यायचं नाही. घरी बोलायला कुणी असतं तर आलं असतं की! पण घरी कुणीच नव्हतं.

दरवर्षीच्या कार्यक्रमाचे नाच बाईच बसवायच्या. त्यात एक गंमत असायची. पालक खूश असायचे त्या गमतीवर. बाईंनी बसवलेल्या नाचात मागची रांग कधी झाकली जायची नाही. पुढची पोरगी सरकली की तिच्या खांद्यामागून मागची दिसलीच पाहिजे. त्यासाठी त्या खडूने जमिनीवर फुल्या मारायच्या, पुसायच्या, पुन्हा मारायच्या, गुडघ्यांवर रांगत. मी एकदा म्हटलं, "बाई, मागच्यांना कोण बघतंय एवढं?" त्यांनी वरही न बघता सांगितलं, "त्यांची आई."

बाईंची हातोटी त्यांच्या तळहातात होती. पोरगी उभी राहिली की बाई तिच्यासमोर यायच्या, छातीच्या हाडावर तळहात ठेवायच्या आणि बोटभर मागे ढकलायच्या. "इथे," म्हणायच्या. "आता सरळ." लहानमोठी कुठलीही पोरगी त्या हाताखालून गेल्याशिवाय सुटायची नाही. आणि दरवर्षी शहरातल्या मोठ्या कंपनीचे परीक्षक यायचे, पोरी बघायचे आणि तोंड वाकडं करून तेच सांगायचे: तयारी छान आहे, पण मुली मागे रेलतात. गिरक्या मागे पडतात. बाई म्हणायच्या, "आंधळे!" आणि विषय संपायचा. मलाही तेच वाटायचं. परीक्षक म्हटला की काहीतरी खोट काढणारच.

मग काडीचं झालं.

काडी म्हणजे बसचालकाची मुलगी. अंगाने काडी म्हणून काडी. इवलीशी असताना आली ती बाईंच्या हाताखालीच वाढली. माझ्या डोळ्यांदेखत किती पोरी आल्या नि गेल्या, पण हिच्यासाठी वाजवताना माझी बोटं आपोआप नीट पडायची. मोठ्या कंपनीने तिला एकदा नापास केलं, तेव्हा आम्ही म्हटलं, लहान आहे अजून. यंदा दुसऱ्यांदा केलं. कारण तेच: वजन मागे. तिसऱ्यांदा त्यांच्याकडे उभंच करत नाहीत. काडीच्या वडिलांनी हात टेकले. वाईट माणूस नव्हे तो, दमलेला होता. मला म्हणाला, "काकू, पुरे झालं आता. तिच्या मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसेल. महिनाअखेरीला येऊन सामान घेऊन जातो तिचं."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाला आल्या नाहीत. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं. तापातसुद्धा यायच्या आणि सगळ्यांना सर्दी वाटायच्या. मी पोरींना घरी पाठवलं आणि बाईंच्या घरी गेले. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, जिना असा की चढताना देव आठवावा. खोलीत पलंग, खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले पायमोजे. बाईंनी मला चहा कपात दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. घरात कप एकच होता. मला कसंसंच झालं. 

भिंतीवर एकच फोटो होता. बाईंच्या जुन्या थिएटरचा, बाजूने काढलेला. पांढऱ्या झग्यांतल्या मुली, एकामागे एक रांगा. मला वाकडे टांगलेले फोटो बघवत नाहीत. उठले आणि चौकट सरळ करायला गेले, तर चौकट सरळच. मी म्हटलं, "फोटो काढणारा शुद्धीवर होता ना? जमीन तिरपी आलीय."

"जमीन तशी," बाई म्हणाल्या. त्यांनी हात आडवा धरून बोटांकडे उतरता केला. "मागे उंच. पुढे खाली. मग लोकांना मागची रांग दिसते."

"अगंबाई! आणि सराव कुठे करायचात?"

"खोलीत. तीपण तशी. आधीपासून सवय."

"लहानपणापासून?"

"बाहुली खेळायची तेव्हापासून."

मी आपली हसत म्हटलं, "मग तर जरा मागे रेलूनच उभं राहावं लागत असेल. नाहीतर माणूस थेट पहिल्या रांगेतल्या लोकांच्या मांडीवर."

बाईंनी पेला खाली ठेवला. खाली दुकानात इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. मग म्हणाल्या, "पियानो, पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी हसले नाही, कारण सांगता सांगता मलाच परीक्षकांचे शब्द आठवले: मुली मागे रेलतात.

आमचे हे बांधकामावर मुकादम होते. ते गेले, त्यांचा ओळंबा कपाटात राहिला. दोरीच्या टोकाला लोखंडी वजन. गवंडी तो टांगून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात. दुसऱ्या दिवशी तो मी पिशवीत घालून शाळेत नेला आणि वर्गातल्या आरशासमोर वरच्या पाइपला बांधला. बाई त्याच्या शेजारी आरशाला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि मान वळवून बघितलं. आयुष्यभर त्या आरशात बघत आल्या होत्या, पण शेजारी दोरी कधी नव्हती. दोरी सरळ खाली गेलेली आणि बाई तिच्यापासून बोटभर मागे. मी काडीला बोलावलं. तीही तेवढीच मागे. दोघींना एकाच साच्यातून काढल्यासारखं.

बाई म्हणाल्या, "मला सरळ कर."

मी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे आणलं, दोरीला समांतर.

"पडते!" त्या ओरडल्या.

"नाही पडत. सरळ आहात तुम्ही."

"पडते, पियानो, पडते!" आणि खरंच त्यांनी एक पाऊल पुढे टाकून स्वतःला सावरलं. 

काडीला त्यांनी बाहेर पाठवलं. मग भिंतीलगतच्या सरावाच्या लाकडी दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या. सगळ्या मी वाकवल्या."

"अहो, उगाच काहीतरी..."

"गप्प!" तळहात माझ्यासमोर धरला. "या हाताने."

पोरी आठवत होत्या मलाही. कुणी आता दवाखान्यात पट्ट्या बांधते, कुणी शिवणाच्या कारखान्यात आहे. सगळ्याच काही मोठ्या कंपनीत गेल्या नसत्या, हे खरं. पण एखादी गेली असती. बाई त्या सगळ्यांची नावं घेत होत्या. एक एक नाव, एक एक नाव. मला ऐकवेना.

मग त्यांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली, तुटक तुटक, हुकमांच्या मधूनमधून. मी जोडून सांगते. तिकडच्या थिएटरात त्या मागच्या रांगेत होत्या, सरावाच्या खोलीत खिडकीच्या बाजूने दुसऱ्या. थिएटरची मंडळी इथे दौऱ्यावर आली. इथल्या कंपनीतल्या कुणीतरी बाईंना सांगितलं, राहा इथे, पुढच्या रांगेत घेतो. तेव्हा त्यांच्याकडे एकदा देश सोडला की परत जायची सोय नव्हती. तरी बाई राहिल्या. पहाटे हॉटेलमधून निघून गेल्या. निघायच्या आधी मंडळींची मोजणी व्हायची, तीत एक कमी आली. बाईंच्या शेजारी नाचणारी एक मैत्रीण होती, खिडकीच्या बाजूने तिसरी. ती खोटं बोलली. म्हणाली, ती बाथरूममध्ये आहे, येतेय. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. ती पुन्हा म्हणाली, बाथरूममध्ये आहे. तेवढ्या वेळात बाई दुसऱ्या गावी पोचल्या. त्या खोट्यापायी मैत्रिणीला पुन्हा कधी दौऱ्यावर नेलं नाही, नाचत होती तोवर पुढच्या रांगेतही येऊ दिलं नाही. आणि बाईंच्या आईचं शेवटचं दुखणं काढलं तेही तिनेच. हे सगळं बाईंना फार उशिरा, तिकडून आलेल्या कुणाकडून तरी कळलं. बाईंनी तिला एकदाही फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

"आणि पुढची रांग मिळाली?" मी विचारलं.

"गिरकीत मागे पडायचे. रोज. सगळे म्हणाले, घरची आठवण येते हिला. मीपण म्हटलं, हो, आठवण." मग जमिनीकडे बोट दाखवलं. "ही! ही सपाट!" आणि त्या सपाट जमिनीवर त्यांनी टाच अशी आपटली की पियानोची एक तार वाजली.

मला राग येतो तो असा एकदम येतो आणि मग मी काय बोलते त्यावर माझा ताबा राहत नाही. मी म्हटलं, "मग रडताय काय! काडी वाकडी असेल ती इथे. जिथे जमीन उतरती आहे तिथे पाठवा ना तिला!"

बाईंनी मान हलवली. तिथे आता परीक्षा घेते ती मैत्रीणच. काडीनेच मागे कधीतरी फोनवर त्या थिएटरची माहिती काढून बाईंना दाखवली होती. आता तिथली मोठी बाई झाली होती ती, केस पांढरे, तीच हनुवटी. बाईंनी तेव्हा फोन काडीच्या हातात परत कोंबला होता.

"काडीला नीट करते," बाई म्हणाल्या. आणि लागल्या मागे. रोज त्या ओळंब्याशेजारी काडीला उभं करायच्या, पण हात लावला की हात तिला मागेच न्यायचा. हात लावला नाही तर पोरगी म्हणायची, बाई, मी पडतेय. सगळं मोडून नव्याने बसवायचं तर वर्ष गेलं असतं, आणि तिचा बाप वर्ष द्यायला तयार नव्हता. काडीचे डोळे सुजलेले असायचे. बाई तिच्याकडे बघायच्या नाहीत. मी वाजवायचे आणि मूग गिळून बसायचे. फार वाईट दिवस होते ते.

महिनाअखेर आली. दुपारी बसचालक त्याच्या ड्यूटीच्या कपड्यांतच आला आणि काडीच्या कपाटातलं सामान पिशवीत भरायला लागला. जुने बूट, नवे बूट, रिबिनी. काडी खाली मान घालून एक एक देत होती. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एक बूट पिशवीतून काढून घेतला आणि बसचालकाला म्हणाल्या, "थांब. बस." तो बसला. मग माझ्याकडे वळून, "पियानो, फोन दे."

वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी फोन लावला. बूट काखेत धरलेला. बराच वेळ नुसती घंटी वाजत असणार. मग त्या बोलायला लागल्या, त्यांच्या भाषेत. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझ्या अंगावर काटा आला. कारण बाई अख्खी वाक्यं बोलत होत्या. लांब, सलग, मध्येच खाली उतरणारी, मध्येच अडखळणारी. ओरडणं नाही, काही नाही. इतकी वर्षं त्यांच्या आत ही बोलकी बाई होती आणि आम्हाला नुसती टाच ऐकू येत होती.

फोन बंद करून त्या आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि हसत होत्या.

"काय म्हणाल्या?"

"आधी गप्प. मी सगळं सांगितलं, आईचं, मुलीचं. मग म्हणाली," बाईंना हसू आवरेना, "म्हणाली, निघालीस का अजून बाथरूममधून?"

मीही हसले. बसचालक आमच्या तोंडाकडे बघत होता, दोन्ही म्हाताऱ्यांना वेड लागलं म्हणत असेल.

"आणि काडी?"

"म्हणाली, पाठव."

बापाने आठवडाभर आढेवेढे घेतले, मग स्वतःच बॅग आणून दिली. जाताना काडीने बाईंना विचारलं, "तिथे काय लक्षात ठेवू?" बाई म्हणाल्या, "टाच." उताराचं एक अक्षर काढलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं तर विचार करेल. विचार केला की पडेल."

ती गेली आणि आमचा जीव टांगणीला लागला. बाई बाकीच्या पोरींना शिकवत होत्या, पण हात पाठीमागे बांधून. कुणाला म्हणून हात लावायचा नाही. "ओळंबा बघ," एवढंच म्हणायच्या. धाकट्या पोरींना ते जमेना. त्यांना हाताची सवय. एक तर छाती पुढे काढून वाट बघत उभी राहायची, आणि बाई तिच्यासमोरून निघून जायच्या. मला तिच्याकडे बघवायचं नाही आणि बाईंकडेही.

फोन आला तो दोन वर्गांच्या मधल्या वेळात. बाईंनी मोठ्याने ऐकू येईल असा लावून पियानोवर ठेवला.

"बाई! बाई, इथली जमीन उतरती आहे! तुम्ही सांगितलंच नाहीत!" काडी धापा टाकत होती. "बाहेरून आलेल्या सगळ्या पुढे घसरत होत्या हो. एक तर पडदा धरून उभी. आणि मी, बाई, मी नुसती उभी राहिले. काहीच केलं नाही. पायाखाली घरच्यासारखं वाटलं. गिरक्या सगळ्या जागच्या जागी! घेतलं मला, बाई, घेतलं!"

मी तोंडावर पदर धरला. बाईंनी डोळे मिटले आणि छातीवर स्वतःचाच तळहात ठेवला. त्या बोटभर अंतराने निदान एकीचं तरी सोनं झालं होतं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कशाचा झाला नसेल.

"मोठ्या बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं," काडी सांगत होती. "खिडकीच्या बाजूने दुसरी. म्हणाल्या, ही तुझ्या बाईंची जागा. आणि बाई, त्यांनी तुम्हाला एक सांगायला सांगितलंय. मला नाही कळलं, पण सांगते. म्हणाल्या, तिला सांग, आता मोजणी पुरी भरते."

काडी "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी बाई फोनवर वाकून म्हणाल्या, "टाच खाली ठेव," आणि बंद केला.

मला वाटलं आता हसतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"चांगलं झालं की हो, बाई," मी म्हटलं. "माफ केलं तिने तुम्हाला."

"हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिथे एक कमी यायची, पियानो. ती मी." थोडं थांबून शब्द शोधले. "आता मी कुठेच कमी येत नाही."

माझा राग उसळला. कुणावर, काय माहीत. "आणि त्या दिवशी तुम्ही वर्गाला आला नाहीत तेव्हा माझ्या मोजणीत कोण कमी आलं होतं? तो मेला इस्त्रीवाल्याचा जिना मी हौस म्हणून चढले?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वाक्य लांब होतं, मी बोललेही भराभर. कितपत पोचलं कोण जाणे. पुन्हा सांगणार होते, तेवढ्यात धाकट्या पोरी धडधडत आत शिरल्या आणि दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

बाई उठल्या. हात मागे बांधून रांगेपुढून चालायला लागल्या. ती छाती पुढे काढून वाट बघणारी पोरगी आजही तशीच उभी होती. तिच्यापुढे बाई थांबल्या. हात पाठीमागून सुटला, तिच्या छातीपर्यंत गेला आणि तिथेच हवेत राहिला. पोरीने डोळे मिटून घेतले होते.

"ओळंबा बघ," बाई म्हणाल्या, आणि हात परत मागे नेला. "पियानो, वाजव."

मी वाजवायला घेतलं.